पिवळा ठिपका

त्या घराला दोन मुली आहेत, असं गल्लीतले लोक म्हणायचे. थोरली म्हणजे गाडी आणि धाकटी म्हणजे पोटची लेक. थोरली आईबापाच्या लग्नानंतर लगेच दारात आली, धाकटी तिच्यामागून काही वर्षांनी, म्हणून थोरलेपणाचा मान गाडीला मिळाला तो कायमचा. धाकटीला लहानपणी याचा फार राग यायचा. आता तिच्या स्वतःच्या केसांत चांदी चमकू लागली होती, तरी माहेरी आली की उंबऱ्यातूनच विचारायची, "माझ्या सावत्र बहिणीची तब्येत कशी आहे?"

तब्येत बरी नव्हती. बदामी रंगाची, गोल पाठीची, डोळे वटारल्यासारखे दिवे असलेली ती गाडी आताशा जरा खड्डा आला की पुढून ठकठक वाजायची. वळताना एका अंगावर कलायची, ब्रेक लावला की नाक खाली घालायची. फोरमननी एक दिवस पुढचं चाक दोन्ही हातांत धरून हलवून पाहिलं आणि निदान केलं. पुढचं सस्पेन्शन सगळं उतरवायला हवं. सांध्यांतले रबरी बुश झिजलेत, स्प्रिंगा बसल्यात, सांधे ढिले झालेत. म्हातारपण म्हणतात ते हेच, असं म्हणून ते स्वतःच हसले.

फोरमन म्हणजे घरधनी. बसडेपोच्या वर्कशॉपात त्यांनी उभी हयात काढली होती. नोकरी सुटली तरी पदवी अंगाला चिकटून राहिली, आणि मास्तरांची जशी मास्तरीण तशी त्यांची बायको फोरमनीणबाई झाली. हे नाव तिला आवडायचं. आपणही त्या डेपोत कुठेतरी हजेरीवर होतो, असं तिला वाटायचं.

धाकटीला मात्र काळजी होती ती गाडीच्या सांध्यांची नव्हती. मागे एकदा फोरमनीणबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. फोरमन गाडी घेऊन निघाले, डॉक्टरांच्या दारावरून सरळ पुढे गेले आणि जुन्या डेपोपाशी जाऊन थांबले. डेपो कधीच मोडला होता. त्या जागी काचेचं भलंमोठं दुकान उभं होतं. फोरमननी हॉर्न वाजवला आणि पहारेकरी फाटक उघडेल म्हणून वाट पाहत बसले. मागे गाड्यांची रांग लागली. फोरमनीणबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला तेव्हा ते भानावर आले. "सवयीने आलो बघ," एवढंच म्हणाले. घरी आल्यावर फोरमनीणबाईंनी ही हकिगत लेकीला फोनवर हसत हसत सांगितली. पलीकडे कुणी हसलं नाही.

त्याच आठवड्यात धाकटी आली आणि तिने गाडीची किल्ली मागितली. फोरमन भडकले नाहीत, हेच नवल. त्यांनी शांतपणे पैज लावली. थोरलीचं पुढचं सस्पेन्शन मी माझ्या हातांनी उतरवून परत बसवतो. एक नट जरी चुकला तरी किल्ली तुझी. नाही चुकला तर हा विषय पुन्हा या घरात निघायचा नाही.

"आणि चुकलं की नाही ते ठरवणार कोण? तुम्हीच?" धाकटीने विचारलं.

"तुझी आई ठरवेल."

धाकटीने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, आई सांगेल ते मला मान्य. फोरमनीणबाई म्हणाल्या, बरं आहे की गं, तुम्ही भांडा आणि मला बसवा पंच म्हणून. पण मनातून त्या धास्तावल्या होत्या. किल्ली गेली तर हा माणूस सकाळी कशासाठी उठेल, हे त्यांना दिसत नव्हतं.

त्यांना पंच नेमलं, त्याला कारणही तसंच होतं. फोरमनच्या कामाची एक रीत होती. फार पूर्वी डेपोत एका मेकॅनिकला चाकाचे नट आवळता आवळता कुणीतरी हाक मारून बोलावून नेलं, अर्धवट काम तसंच राहिलं आणि बस रस्त्यावर गेली. माणसं वाचली ती नशिबाने. त्या दिवसापासून फोरमननी नियम केला: ज्याच्या हातात पाना, त्याच्या हातात ब्रश नाही. एकाने नट आवळायचा. दुसऱ्याने तो पान्याने तपासायचा आणि मग नटावरून बोल्टवर जाईल असा पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. पुढे नट हलला तर ठिपक्याला चीर जाते, आणि डोळ्याला लगेच दिसतं. ठिपका नाही तर गाडी फाटकाबाहेर नाही.

घरी थोरलीचं काम निघालं तेव्हा दुसरा माणूस कुठून आणायचा? नव्या नवरीच्या हातात ब्रश आला. सुरुवातीला ती पदर खोचून प्रत्येक नटाला पाना लावून बघायची. फोरमन गाडीखालून म्हणायचे, बघ बाई बघ, सासूसुद्धा इतकं तपासत नाही. हळूहळू तपासणं मागे पडलं. नट आवळून झाला की ते "हं" म्हणायचे, आणि त्या "हं"वर ठिपका पडायचा. संसारात अशा किती गोष्टी त्या एका "हं"वर चालल्या. दार लावलं का? हं. गॅस बंद केला का? हं. अलीकडे मात्र तो "हं" ऐकल्यावरही फोरमनीणबाई मुकाट्याने उठून शेगडीकडे एक चक्कर मारून यायच्या.

काम सुरू झालं आणि त्यांची भीती पळाली. गॅरेजच्या मधोमध माणूस उभा राहील असा खड्डा होता. त्यावर गाडी आणून तिचा पुढचा भाग लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवला. चाकं काढली. मग स्प्रिंगची पाळी. दाबलेली स्प्रिंग म्हणजे डिवचलेला बैल, नीट सोडवली नाही तर माणसाला भिंतीवर आपटेल. फोरमनीणबाई दाराशी जीव मुठीत धरून उभ्या होत्या. पण फोरमननी चाप लावला, दोन्ही बाजूंनी सारखा आवळला, चाकाचा भार पेलणारा आर्म अलगद खाली उतरवला, आणि ती जाड, गंजलेली स्प्रिंग मांडीवर घेतली, तान्हं मूल घ्यावं तशी. जुने बुश ठोकून काढले, नवे साबणाचं पाणी लावून दाबून बसवले. कुठला वॉशर कुठल्या अंगाला, डावी स्प्रिंग कुठली नि उजवी कुठली, काही चुकलं नाही. फोरमनीणबाईंनी लेकीला फोन करून सांगितलं की तुझे बाबा तिशीतले झालेत. धाकटी म्हणाली, "थोरलीला नवे गुडघे बसवले, आता माझ्याही गुडघ्यांचं बघा म्हणावं."

हातांना सगळं आठवत होतं. घोटाळा झाला तो कामाच्या क्रमात.

त्या कामाची एक खुबी फोरमननीच बायकोला शिकवली होती. रबरी बुशचे नट गाडी उचललेली असताना आवळायचे नसतात. तेव्हा नुसते हाताने फिरवून ठेवायचे. चाकं लावायची, गाडी जमिनीवर टेकवायची, माणूस बसल्यागत वजन पुढच्या सीटवर ठेवायचं, आणि मग खड्ड्यात उतरून नट आवळायचे. नाहीतर रबर पिळलं जातं आणि चार दिवसांत फाटतं. वजनासाठी वाळू भरलेली दोन पोती गॅरेजच्या कोपऱ्यात कायम ठेवलेली असत. फोरमन ती सीटवर ठेवत, मग दोघं खड्ड्यात उतरत. तो आवळणार, ही ठिपका देणार.

यावेळी मात्र आर्म चढवून झाले आणि गाडी घोड्यांवरच असताना फोरमन खड्ड्यातून म्हणाले, "हं. दे ठिपका."

ब्रश हातात घेऊन फोरमनीणबाई खाली उतरल्या आणि थबकल्या. "अहो, चाकं अजून लावायची आहेत ना?"

"आता तू मला शिकवणार?"

हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजारदा ऐकलं असेल, त्याचं काही नाही. पण बोलल्यावर फोरमननी वर पाहिलं, आणि दिव्याच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसला. त्यावर राग नव्हता. गर्दीत आईचा हात सुटलेल्या पोराचा चेहरा होता तो. काहीतरी निसटलंय एवढं कळत होतं, काय ते सापडत नव्हतं. फोरमनीणबाईंना ते बघवलं नाही. त्यांनी मान खाली घातली आणि एकेका नटावर पिवळा ठिपका दिला. मनात म्हणाल्या, उद्या चाकं लागल्यावर आठवेल त्यांना, आवळतील तेव्हा, मी पुन्हा ठिपके देईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकं लागली. गाडी खाली उतरली आणि कशी ताठ उभी राहिली, नाक वर करून. फोरमन एकदा खड्ड्यात उतरले, बॅटरी मारून बघून आले आणि हात पुसत म्हणाले, झालं सगळं. उन्हं उतरली की धाकटी येईल, तिला तळ्याच्या रस्त्याने फिरवून आणतो. जेवताना ते खुशीत होते. दोन घास जास्त गेले. जेवण झाल्यावर आडवे झाले आणि घोरू लागले.

फोरमनीणबाई भांडी आवरून गॅरेजमध्ये आल्या, त्या खरं तर फडकी गोळा करायला. कोपऱ्यात वाळूची पोती होती. त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये कोळ्याने विणलेलं जाळं होतं तसंच्या तसं, जुनं, धुळीने जड झालेलं. पोतं कुणी उचललं असतं तर ते एका झटक्यात तुटलं असतं.

फडकी त्यांच्या हातातून गळून पडली.

त्यांनी आधी खड्ड्यात डोकावून पाहिलं. ठिपके दिसत होते, ताजे, पिवळेधमक, चीर न गेलेले. चीर जाणार कुठून, नट फिरलाच नव्हता. मग त्या पाना घेऊन, कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या. पहिल्या नटाला पाना लावला. तो चाकवताच्या देठासारखा मऊ वळला. दुसऱ्याचं तेच. याच गाडीत संध्याकाळी त्यांची लेक बसणार होती, नवरा चालवणार होता, आणि तळ्याच्या रस्त्याला एका अंगाने पाणी होतं.

लेकीला आत्ता फोन करावा, येऊ नको म्हणावं, असं एकदा मनात आलं. मग वाटलं, कशाला? गुपचूप आवळून टाकावेत. नट घट्ट झाले म्हणजे गाडी ठीक, गाडी ठीक म्हणजे पैज जिंकली, किल्ली खिशात राहिली. कुणाला कळणार आहे? त्यांनी पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला, जोर वाढायला फोरमन चढवायचे तसा, आणि मग लक्षात आलं की वजन हवं. सीट रिकामी होती. पोती उचलणं आता त्यांच्या बापाच्यानेही झालं नसतं. त्या पाना धरून तशाच उभ्या राहिल्या, आणि वय झालेल्या बाईने रडू नये अशा जागी त्यांना रडू आलं.

वर चपला वाजल्या. खड्ड्याच्या काठाशी येऊन थांबल्या. फोरमनीणबाईंनी श्वास धरून ठेवला. चपला हलल्या, गाडीचं दार उघडलं, आणि थोरली त्यांच्या डोक्यावर करकरत बोटभर खाली बसली. फोरमन ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसले होते.

मग वरून आवाज आला. "पाइप लावलास का पान्याला?"

"लावलाय."

"मग आवळ. हिसका देऊ नकोस. अंगाचा भार टाक."

त्यांनी भार टाकला. नट कुरकुरत फिरला आणि अडला. पिवळ्या ठिपक्याला मधोमध चीर गेली. त्या "हं" म्हणाल्या. मग दुसरा. मग पलीकडचे. डाव्या बाजूचा मागचा नट अडचणीत होता, हात पोचेना, तर वरून फोरमननी पाना कसा उलटा धरायचा ते न बघता सांगितलं. सगळे झाले तेव्हा फोरमनीणबाईंचे खांदे भरून आले होते आणि बांगड्यांवर ग्रीस माखलं होतं.

"अगं," फोरमन वरूनच म्हणाले, "सकाळी चाकं लावल्यावर मला आठवेना. आवळलेत का नाही. किती डोकं खाजवलं. मग खाली उतरून पाहिलं तर ठिपका होता. म्हटलं, हिने ठिपका दिलाय म्हणजे मी आवळला असणार."

"आणि मी तुमच्या हंवर दिला."

मग ते कोरडं हसले. "भरवशाच्या म्हशीला टोणगा."

"म्हैस कोण पण?"

"आपण दोघंही." मग त्यांनी विचारलं, "धाकटीला सांगणार का?"

फोरमनीणबाई जुन्या ठिपक्यांवरचा रंग फडक्याने पुसत होत्या. वरून पुन्हा आवाज आला, आता जरा मऊ, पूर्वी काही हवं असलं की यायचा तसा. "आता तर घट्ट आहेत ना? खोटं काय आहे त्यात? गाडी अगदी ठीक आहे, एवढंच सांगायचं. ते खरंच आहे."

तेही बरोबर होतं. फोरमनीणबाईंनी ब्रश बुडवला आणि नवे ठिपके दिले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की पानाही आपल्याच हातात होता आणि ब्रशही. डेपोत या गाडीला फाटकाबाहेर सोडलं नसतं.

धाकटी आली ती हातपाय धुऊन तडक गॅरेजमध्येच. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप मारली, ताई तरुण झाली म्हणाली. फोरमन दाराला टेकून उभे होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि किल्ली खिशात होती. तिचं टोक कापडातून दिसत होतं. धाकटीने आईकडे वळून विचारलं, "काय पंच? ठीक आहे सगळं?"

फोरमन बायकोकडे पाहत होते.

एवढ्या वर्षांच्या संसारात फोरमनीणबाईंनी त्यांना चारचौघांत कधी खाली पाहायला लावलं नव्हतं. शब्द ओठांवर आला होता, ठीक आहे, सगळं ठीक आहे. मग त्यांना ठिपके देतानाचा तो क्षण आठवला. हा चेहरा बघवला नाही म्हणूनच तर ब्रश चालवला होता.

"आता ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण दुपारपर्यंत खालचे नट सुटे होते. नुसते हाताने फिरवलेले. हे आवळायचे विसरले, आणि मी न बघता ठिपके दिले. मी आवळलेत आता."

धाकटीचा चेहरा उतरला. जिंकल्याचं काही त्यावर दिसलं नाही. उलट कुणीतरी आपलं हिसकावून घेतल्यासारखी ती उभी राहिली. "बाबा," एवढंच म्हणाली.

फोरमननी खिशातून किल्ली काढली. खांद्यावरच्या फडक्याने पुसली, जरुरीपेक्षा जास्त वेळ. बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही. "क्लच वरच्या अंगाला धरतो," त्यांनी लेकीला सांगितलं. "एकदम सोडू नकोस. आणि चल, तळ्यापर्यंत जाऊन येऊ. काम कसं झालंय ते बसल्याशिवाय कळत नाही."

धाकटी चालवायला बसली. फोरमन तिच्या शेजारी, जिथे एरवी फोरमनीणबाई बसायच्या. त्या मागे बसल्या. मागून त्यांना नवऱ्याची मान दिसत होती, ताठ, आणि कानामागचा पांढरा केस जो त्या दर वेळी न्हाव्याला सांगायच्या नि राहून जायचा. गाडी गल्लीतून बाहेर पडली. धाकटीने क्लच एकदा एकदम सोडला, गाडीने आचका दिला, आणि फोरमनचा उजवा हात गिअरकडे गेला आणि तिथवर न पोचता मांडीवर परत आला.

आज ना उद्या ते आपल्याशी बोलतील, हे फोरमनीणबाईंना ठाऊक होतं. पण काय बोलतील, आणि तेव्हा त्यांना या दुपारचं किती आठवत असेल, हे ठाऊक नव्हतं. कदाचित राग राहील आणि कारण विसरलं जाईल. तसंही होतं म्हणतात.

तळ्याच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. पूर्वी इथे आलं की पुढून ठकठक सुरू व्हायची. धाकटीने वेग कमी केला. चाक खड्ड्यात गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. थोरली अलगद बसली नि उठली. काही वाजलं नाही.

"आवाज गेला की हो, बाबा," धाकटी म्हणाली.

"हं," फोरमन म्हणाले.

फोरमनीणबाई सीटच्या कडेला सरकल्या, पुढच्या दोघांच्या मधे वाकल्या आणि स्वतः कान देऊन ऐकू लागल्या.